एक भयभीत निवासी

नोटीस दाराला डिंकाने चिकटवलेली होती, हे बघूनच मी जागच्या जागी थांबलो. टाचणीने लावलेला कागद हा नुसता कागद असतो. सरकार डिंक वापरतं तेव्हा त्याचा इरादा पक्का असतो, हे केंद्र सरकारात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. जानेवारीची सकाळ होती. फरीदाबादच्या धुक्यात समोरचा कडुलिंबसुद्धा दिसत नव्हता. हातात दुधाची पिशवी, कानांना मफलर, अशा अवस्थेत मी स्वतःच्याच दारासमोर चोरासारखा उभा राहून ती नोटीस वाचत होतो.

मजकूर थोडक्यात असा: क्वार्टर क्रमांक ४० (तळमजला) यांनी घरासमोरच्या सरकारी जमिनीवर लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवून अतिक्रमण केले आहे. हे खांब काँक्रीटसह मुळापासून काढावेत, जमीन पूर्ववत करावी, मुदत पंधरा दिवस. तशीच नोटीस आमच्या रांगेतल्या सगळ्या तळमजल्यांवर लागलेली होती. खाली लिहिलं होतं, सोबत: मूळ तक्रारीची छायाप्रत.

मी पान उलटलं आणि दुधाची पिशवी माझ्या हातातून सुटली.

ती तक्रार हिंदीत होती. विषय: क्वार्टर नं. ४० के सामने का रास्ता बंद होने बाबत. संदर्भ: कोई नहीं. मग तीन कलमं, दुसऱ्या कलमाला दोन उपकलमं. शेवटी, ‘आपको हुए कष्ट के लिए क्षमा चाहता हूँ.’ सही नव्हती. सहीच्या जागी लिहिलं होतं, ‘एक भयभीत निवासी’. त्याखाली, संलग्न: नक्शा एक (पैमाने पर नहीं). अक्षर पहिलीतल्या मुलाचं वाटावं असं वेडंवाकडं. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

आता सांगूनच टाकतो. तो भयभीत निवासी मी.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही मागच्या ब्लॉकमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. चाळीस नंबरच्या समोरच्या मोकळ्या जागेतून फाटकाकडे जायला एक छान पायवाट होती. चाळीसमध्ये त्रिपाठी नावाचे कुणी गृहस्थ होते. त्यांनी सरकारी वसाहतीतल्या रिवाजाप्रमाणे समोरच्या जागेत आठ खांब रोवले, काटेरी तार ओढली, मेथी पेरली. तळमजला मिळाला की माणूस कुंपण घालतो, बदली झाली की पुढचा माणूस कुंपणासकट क्वार्टर घेतो, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. मीही विचारलं नसतं. पण पायवाट बंद झाल्यावर फाटकाकडे जायला एकच रस्ता उरला, तो एकेचाळीस नंबरवरून. आणि एकेचाळीसमध्ये चौधरीसाहेब होते, आणि चौधरीसाहेबांकडे कर्नल होता.

कर्नल हा कुत्रा. जात कुठली ते मला माहीत नाही, इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तो भुंकायचा नाही, हीच तर मुख्य अडचण. भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल निदान एक म्हण तरी आहे, तिच्या आधाराने माणूस चालू शकतो. कर्नल नुसता उठून उभा राहायचा आणि माझ्या पोटरीकडे बघायचा.

चौधरीसाहेबांना ‘कुत्रा बांधून ठेवा’ असं सांगायची माझी छाती नव्हती. सहा फूट दोन इंच उंची, वर पिळदार मिशी, आणि ‘राम राम जी’ असं नुसतं म्हटलं तरी समोरच्याला वाटावं की आपल्याला अटक झाली. तेव्हा मी सुशिक्षित माणसाला शोभेल असा मार्ग काढला: निनावी तक्रार. कुत्र्याबद्दल नव्हे, कुंपणाबद्दल. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तीन संध्याकाळी बसून डाव्या हाताने लिहिली. फरीदाबादचा शिक्का नको म्हणून दिल्लीत ऑफिसातून सुटल्यावर वाट वाकडी करून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या टपालपेटीत टाकली, आणि कुणी पाहिलं तर कारण असावं म्हणून शेजारच्या मराठी कॅन्टीनमध्ये थालीपीठ खाऊन आलो.

त्यावर काहीच झालं नाही. चार वर्षांनी मला तळमजल्यावरचं क्वार्टर मंजूर झालं. नंबर चाळीस.

आणि राहायला गेल्यावर मला शोध लागला, की त्या कुंपणाच्या आतून पाहिलं तर कर्नल पलीकडे असतो. किती सुंदर कुंपण होतं ते! मी त्याला हिरवा रंग दिला. एकेचाळीसच्या बाजूला थोडी फट वाटली म्हणून स्वतःच्या देखरेखीखाली आणखी दोन खांब रोवून घेतले, चांगले अडीच फूट खोल, भरपूर सिमेंट घालून. तर एकूण खांब दहा, काढणारा मी, तक्रारदार मी, आणि अठ्ठावीस फेब्रुवारीला मी निवृत्त. सांगलीचा फ्लॅट तयार, ट्रक ठरलेला.

“दूध सांडलंत?” हेमलता, म्हणजे आमची ही, बाहेर आली. तिने कागद घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वाचला. मग शेवटचं पान लांब धरून पाहिलं.

“हे तुम्ही लिहिलंय.”

“काहीतरीच काय!”

“तेव्हा तीन दिवस डाव्या हातात पेन धरून बसायचात. मी विचारलं तर म्हणालात, उजव्या हाताला मुंग्या येतायत. मला वाटलं अर्धांगाचं लक्षण आहे. घाबरून मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी मानेचा एक्स-रे काढला. एवढं सगळं झालं, पण तुम्ही खरं बोलला नाहीत!”

“हळू बोल. भिंतीला कान असतात.”

“जाऊन सांगून टाका सगळ्यांना. चांगली माणसं आहेत.”

“वेडी आहेस का? चौधरी मला याच खांबाला बांधतील!”

हेमलताने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती लग्नाला तीस वर्षं झाल्यावरच येते. मग ती दूध पुसायला फडकं आणायला गेली.

दहा वाजता धुकं जरा विरळ झालं आणि रांगेतली मंडळी उन्हात खुर्च्या टाकून बसली. इथे हिवाळ्यात कुठलाही गंभीर विषय शेंगा सोलल्याशिवाय सुरू होत नाही. चौधरीसाहेबांनी तक्रार मोठ्याने वाचायला घेतली. त्यांच्या आवाजात माझं वाक्य न् वाक्य कबुलीजबाबासारखं ऐकू येत होतं.

“‘एक भयभीत निवासी,’” चौधरींनी शेवट केला आणि मिशीवरून हात फिरवला. “इब बताओ, कौण हो सकै सै यो?”

“कोई बहुत ही नीच आदमी होगा,” मी म्हणालो. इतक्या घाईने म्हणालो की सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

एकोणचाळीस नंबरचे बॅनर्जीबाबू आकडेवारीच्या खात्यात होते. त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकून शांतपणे सांगितलं, “नीच नहीं. पढ़ा-लिखा है. सब-पैरा देखिए. नक्शे में उत्तर दिशा भी दिखाया है. ऐसा आदमी मिल जाएगा.”

“मिल गया तो?” मी विचारलं.

“तो?” चौधरी म्हणाले, आणि मुठीतली शेंग कडकन फोडली.

मी तडक इन्क्वायरीत गेलो. वसाहतीच्या देखभालीचं जे ऑफिस असतं त्याला सरकारी क्वार्टरमध्ये सगळे इन्क्वायरी म्हणतात. नळ गळो, फ्यूज उडो, माणसाने तिथे जायचं. तिथल्या ज्युनिअर इंजिनिअरसाहेबांपुढे माझी फाईल होती. एवढ्याशा पत्राची एवढी जाड फाईल झालेली पाहून मला एखाद्या जुन्या ओळखीच्या मुलाचं लग्न ठरल्यासारखं वाटलं. नऊ वर्षं ती कुठे कुठे फिरली असेल, किती जणांनी तिच्यावर ‘चर्चा करावी’ असं लिहिलं असेल! हीच विद्या मी आयुष्यभर केली. आता ती परत येऊन माझ्या दारात उभी होती.

“सर, पंधरा दिन में हटाना है, मगर ग्रॅप लगा हुआ है,” मी म्हणालो. हवा बिघडली की आमच्याकडे हे निर्बंध लागतात, आणि मग धूळ उडेल असं खोदकाम, तोडफोड सगळं बंद.

“बिल्कुल. तोड़फोड़ की तो चालान कटेगा.”

“और नहीं हटाया तो?”

“तो केस बनेगा.”

“तो मैं करूँ क्या, सर?”

साहेबांनी विचार केला. “धूल मत उड़ने दीजिए,” ते म्हणाले. “हाथ से कीजिए. धीरे-धीरे. पानी डालकर.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “और संभलके. इधर से गॅस की पाइप भी गई है.”

“किधर से?”

“वो नक्शे में है.”

“नक्शा किधर है?”

“वो ढूँढना पड़ेगा.”

घरी येताना मी फरशीवरसुद्धा हलक्या पावलांनी चालत होतो.

कामाचा आरंभ रविवारी झाला. लेबर चौकातून आणलेल्या मिस्त्रीने पहिल्या खांबाभोवती एक प्रदक्षिणा घातली, पायाने काँक्रीट ठोकून पाहिलं, ग्रॅप आणि गॅस हे दोन शब्द ऐकले आणि ‘बाऊजी, आप ही देख लो’ म्हणून निघून गेला. तेव्हा कुदळ, पहार आणि मी, असे तिघे उरलो. तिघांपैकी मला कामाची सवय सगळ्यात कमी होती.

देवयानी, आमची मुलगी, नोएडाला नोकरी करते आणि तिथेच राहते. तिने व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं.

“बाबा, चिल करा ना यार. एवढं काय टेन्शन! तुमच्या हातात ते लाँगवालं काय आहे?”

“पहार.”

“अच्छा. स्पेलिंग पाठवा, मी सर्च करते.”

मुलीला दिल्लीत वाढवल्याचं फळ म्हणून मी ते ऐकून घेतलं आणि कुदळ उचलली. पहिला घाव इतक्या हलक्या हाताने घातला की गवतालासुद्धा समजलं नाही. दुसऱ्याला ठिणगी उडाली. मी डोळे मिटून गॅसचा भडका होण्याची वाट पाहिली. तो झाला नाही. डोळे उघडले तर चौधरी आणि बॅनर्जीबाबू खुर्च्या घेऊन माझ्या कुंपणाबाहेर बसलेले.

“आप चालू रखो जी,” चौधरी म्हणाले. “हम देख रे सैं.”

दुपारपर्यंत मी कोपरभर खोल गेलो. काँक्रीट संपेना. या बाबतीत त्रिपाठींना मानलं पाहिजे. सरकारी जागेवर केलेलं बेकायदा काम माणूस इतक्या निष्ठेने करत असेल असं मला वाटलं नव्हतं. तो ठोकळा वर वीतभर रुंद होता आणि खाली जाताना सुरणाच्या गड्ड्यासारखा फुगत गेला होता. बॅनर्जीबाबूंनी सल्ला दिला की रात्रभर पाणी मुरू द्या, माती सैल होईल. चौधरींनी सल्ला दिला की खांब गाडीला बांधून गाडी ओढा. गाडी कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्या गाडीकडे बघत होते.

मी पाण्याचा सल्ला मानला. दुसऱ्या रविवारी पाइप लावून भोकात पाणी सोडलं आणि पहार मारली. आणि आवाज आला. स्स्स्स.

त्या क्षणी मी काय केलं ते आमची रांग अजून एकमेकांना सांगत असेल. मी “गॅस! गॅस! भागो!” असं ओरडत सुटलो. बॅनर्जीबाबूंच्या घराची बेल वाजवणार तोच आठवलं की ठिणगी उडाली तर सगळेच जाऊ, म्हणून बेल सोडून दार बडवलं. हेमलताच्या हातातली फोडणीची कढई मी नळाखाली धरली. पाच मिनिटांत सगळी रांग रस्त्यावर उभी होती, कुणी आंघोळीच्या टॉवेलवर, कुणी अर्धी दाढी केलेला, मिसेस बॅनर्जी हातात इस्टेटीची कागदपत्रं घेऊन. चौधरी एकटेच माझ्या खड्ड्याकडे चालत गेले. मी त्यांना हाताने खुणा करत होतो, परत या, परत या. मला खरंच वाटलं की आता हा माणूस जाणार, आणि माझ्या एका पत्रामुळे जाणार. मी मटकन फुटपाथवर बसलो.

चौधरींनी वाकून पाण्याचा पाइप वर उचलला. पहारीने त्याला बोटभर भोक पडलं होतं. त्यातून पाणी फवारत होतं. स्स्स्स.

“गॅस मिल गई जी,” ते म्हणाले.

लोक हसत हसत घरी गेले. त्यांचं हसणं मला लागलं हे मी कबूल करतो. सेक्शन ऑफिसरच्या हुद्द्याचा माणूस, ज्याला ऑफिसात कुणी अहो-जाहोशिवाय बोललेलं नाही, तो फुटपाथवर चिखलाने माखून बसलाय आणि अर्धी दाढी केलेला शेजारी त्याला बघून डोळे पुसतोय. पण त्याहून खोल एक भीती होती. ही माणसं आत्ता नुसती हसतायत. कळलं तर काय करतील?

त्याच संध्याकाळी देवयानीने एक व्हिडिओ पाठवला. खांबाला साखळीचे वेढे द्यायचे, साखळीत पहार अडकवायची, पहारीखाली गाडीचा जॅक, जॅकखाली विटा, आणि जॅक फिरवत राहायचं. युक्ती उत्तम होती. माझ्या गाडीतला जॅक मात्र गंजून बसलेला. चालू जॅक होता चौधरींकडे, त्यांच्या व्हरांड्यात, कर्नलच्या पोत्याशेजारी.

तो प्रसंग लांबवत नाही. मी हातात बिस्किटाचा पुडा घेऊन गेलो, कर्नल उठून उभा राहिला, मी पुडा टाकला आणि जॅक मिळाला. कर्नल आता म्हातारा झाला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू होता. चांगल्या डोळ्याने तो अजूनही माझ्या पोटरीकडेच बघत होता.

तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, पहिला खांब हलला. आधी मातीत एक बारीक भेग पडली, मग ‘चुळ्ळुक’ असा ओला आवाज आला, आणि तो भलामोठा ठोकळा दाढ उपटल्यासारखा वर आला. मी हेमलताला हाक मारली. तिने त्यावर हळदकुंकू वाहिलं नाही एवढंच. मला इतका आनंद पदोन्नतीच्या वेळीसुद्धा झाला नव्हता.

“शाबाश!” चौधरी खुर्चीतून म्हणाले. “म्हारे भी काढ दोगे, निमकर साब? कमर में दर्द सै.”

इथे कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण माझ्या मनात चोर होता. ज्या माणसाचं कुंपण आपण नऊ वर्षांपूर्वी लिहून पाडलं, त्याला ‘नाही’ कुठल्या तोंडाने म्हणायचं? “बिल्कुल, बिल्कुल,” मी म्हणालो. ते बॅनर्जीबाबूंनी ऐकलं. त्यांचीही कंबर त्याच दिवशी धरली.

मुदत मी दोनदा वाढवून घेतली. अर्जात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहिताना चार वेळा विचार करावा लागला, कारण त्या ऑफिसात माझ्या अक्षराचे नमुने आता फार झाले होते. ऑफिसातून रजा काढल्या. माझे दहा, चौधरींचे सहा, बॅनर्जींचे चार. शेवटी शेवटी मला खांबांचे स्वभाव कळायला लागले होते. सगळ्यात चिवट निघाले ते माझे स्वतःचे दोन, अडीच फूट खोल, भरपूर सिमेंटचे. त्यांच्यासाठी चार दिवस गेले. आणि कुंपण जसजसं कमी होत गेलं तसतसा कर्नल जवळ येत गेला. जिथे खांब निघेल तिथे येऊन बसायचा. मी जॅक फिरवायचो ते एक डोळा कामावर आणि एक कर्नलवर ठेवून.

विसाव्या खांबाने, तो चौधरींचा, जाता जाता सूड घेतला. साखळी सुटली आणि पहारीचं टोक माझ्या उजव्या अंगठ्यावर आलं. डॉक्टरांनी पंजाला भलंमोठं बँडेज बांधलं आणि पंधरा दिवस पेन धरायचं नाही म्हणून सांगितलं. ऑफिसातल्या निरोपाच्या भाषणांची तयारी चालू होती. ‘निमकर साहेबांनी कधी कुणाला दुखावलं नाही’ असं एकजण म्हणणार आहे, हे मला आधीच कळलं होतं आणि ते ऐकावं लागणार म्हणून झोप येत नव्हती.

चोवीस फेब्रुवारीला इंजिनिअरसाहेब फाईल घेऊन पाहणीला आले. सगळी रांग जमली. साहेबांनी खड्डे मोजले, ठोकळे मोजले, मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

“काम तो बढ़िया हुआ है,” साहेब म्हणाले. “बस एक साइन चाहिए.”

“दीजिए, दीजिए,” मी पुढे झालो.

“आपका नहीं. शिकायतकर्ता का. शिकायतकर्ता लिखकर देगा कि समाधान हुआ, तभी फाइल बंद होगी. नया नियम है.”

“पर वो तो निनावी... मतलब गुमनाम है!”

“फिर पेंडिंग रहेगी.”

“मला, मतलब मुझे, चार दिन में क्वार्टर सरेंडर करना है!”

“पेंडिंग केस में सरेंडर कैसे होगा?” साहेब म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. “फाइल बंद होने तक क्वार्टर आपके नाम. और रिटायरमेंट के बाद आप हो जाएँगे अनधिकृत निवासी.”

अनधिकृत निवासी! भयभीत चालेल, पण अनधिकृत? तेहतीस वर्षांत मला एक मेमो नाही. माझ्या डोळ्यांपुढे आलं, मी ऐंशी वर्षांचा आहे, ट्रक दाराशी गंजलाय, आणि मी याच चाळीस नंबरमध्ये त्या तक्रारदाराची वाट बघत बसलोय. दुसरीकडे चौधरी हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या दंडाकडे माझं लक्ष गेलं. मी हेमलताकडे पाहिलं. तिने माझ्या गळ्यातला मफलर सारखा केला, जसा मी पहिल्यांदा या शहरात नोकरीवर हजर व्हायला निघालो तेव्हा आईने केला होता.

मी बँडेज बांधलेला हात वर केला.

“वो... मैं हूँ,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा विचारलं. “शिकायतकर्ता मैं हूँ. भयभीत निवासी.”

मी डोळे मिटले.

“आप?” साहेब म्हणाले. “आप तो अतिक्रमण करनेवाले हैं! आप शिकायतकर्ता कैसे? सबूत?”

मी त्यांचं पेन मागितलं. उजव्या हाताने धरता येईना, म्हणून डाव्या हातात घेतलं आणि कागदावर लिहिलं: एक भयभीत निवासी. नऊ वर्षांनी तेच वेडंवाकडं अक्षर, तोच उजवीकडे कललेला ‘भ’. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

“मिल गया,” ते म्हणाले.

मी चौधरींकडे न बघता बोलायला लागलो. क्षमस्व, गलती हो गई, मेरा ऐसा उद्देश्य नहीं था, असं काय काय. बॅनर्जीबाबूंनी मध्येच एक शेंग फोडली.

“चलो, हो गया,” ते म्हणाले. “हम तो सोचे थे आप पहले हफ्ते में बोल देंगे.”

“आपको... मालूम था?”

“पहले दिन से. इस कॉलोनी में भयभीत निवासी एक ही तो है.”

रांगेतल्या सगळ्या माना हलल्या. मी चौधरींकडे वळलो. “तो आपने मुझसे अपने छह खांब...”

“आप करै इतने मन से थे जी,” चौधरी म्हणाले. “रोकणा अच्छा नी लाग्या.”

मला राग यायला लागला होता. एवढ्यात त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि जरा वेगळ्या आवाजात विचारलं, “पर एक बात बताओ. इसमें लिखा सै, रास्ता बंद होण तै दूसरे रास्ते में भय लागै सै. दूसरा रास्ता तो म्हारे आगे तै था. भय किसका था?”

मी खाली पाहिलं. कर्नल आला होता. जिथे शेवटचा खांब होता त्या खड्ड्याला वळसा घालून, पाय ओढत, तो माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभा होता.

चौधरींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ते मोठ्याने हसतील. ते हसले नाहीत.

“अरे निमकर साब,” ते म्हणाले. “बोल देते. मैं बाँध देता.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं, एवढी जाड फाईल, वीस खांब, एक अंगठा. आणि त्याच्या जागी चार शब्द लागणार होते, जे मला या माणसाच्या दाराशी उभं राहून म्हणता आले नव्हते. साहेबांनी ‘समाधान हुआ’वर माझी सही घेतली, या वेळी पूर्ण नावाने. चार दिवसांनी ट्रक येणार होता. हे सगळे लोक मागे राहणार होते आणि मी त्यांना इतकी वर्षं घाबरून नमस्कार करत आलो होतो.

कर्नल आणखी एक पाऊल पुढे आला आणि माझ्या पोटरीचा वास घ्यायला लागला. मी घाबरलेलो होतो, नऊ वर्षांपूर्वी होतो तितकाच.

“चौधरी साब,” मी म्हणालो, “इसको ज़रा बाँध दीजिए.”